सौंदर्यस्पर्धेची तयारी: आधी बोलणे, मग चालणे, शेवटी कपडे

सौंदर्यस्पर्धेत उतरायचे ठरले की बहुतेक घरांत पहिला हिशेब मांडला जातो तो गाऊन, मेकअप आणि फोटोशूटच्या खर्चाचा. तयारीचा क्रम याच्या उलट असावा, असे माझे ठाम मत आहे. रीटा फारिया १९६६ साली मिस वर्ल्ड स्पर्धेसाठी लंडनला गेल्या तेव्हा त्या मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकत होत्या आणि स्पर्धेत घालायचे कपडेही त्यांनी उसने नेले होते. सुश्मिता सेन यांनी १९९४ च्या मिस इंडिया स्पर्धेसाठीचा गाऊन दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारातून आणलेल्या कापडाचा, साध्या शिंप्याकडून शिवून घेतला होता आणि हातमोजे नव्या पायमोज्यांपासून बनवले होते. मुकुट दोघींनाही मिळाला. त्यामुळे पैसे कमी आहेत म्हणून मागे राहू नका. वेळ मात्र भरपूर हाताशी ठेवा, कारण खरी तयारी काही महिन्यांची असते.

अर्ज भरण्यापूर्वी नियमावली शब्दन्‌शब्द वाचावी. वय, उंची आणि वैवाहिक स्थिती यांच्या अटी प्रत्येक स्पर्धेत वेगळ्या असतात आणि त्या बदलतही राहतात. फेमिना मिस इंडियाने २०२० मध्ये किमान उंचीची अट पाच फूट पाच इंचांवरून पाच फूट तीन इंचांवर आणली. मिस युनिव्हर्सने २०२३ पासून विवाहित स्त्रियांना व मातांना प्रवेश दिला आणि त्यानंतर कमाल वयाची अटही काढून टाकली. त्यामुळे एखाद्या मैत्रिणीला काही वर्षांपूर्वी मिळालेला नकार तुम्हालाही मिळेलच, असे गृहीत धरू नये. उंची अनवाणी मोजली जाते, म्हणून ती घरी भिंतीला टेकून नीट मोजून ठेवा. मोठी नोंदणी फी घेऊन किताबाची हमी देणाऱ्या, किंवा मागील विजेत्या पुढे कोणत्या स्पर्धेत गेल्या हे सांगू न शकणाऱ्या आयोजकांपासून दूर राहावे. विजेतीला आयोजकांशी करार करावा लागतो आणि त्या काळात इतर कामे घेण्यावर बंधने येऊ शकतात. म्हणून कराराचा मसुदा आधीच मागून घ्यावा आणि एखाद्या वकिलाला दाखवावा.

आता मुख्य गोष्ट, ती म्हणजे प्रश्नोत्तरे. १९९२ च्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत मधू सप्रे अंतिम तिघींत होत्या. देशाचे नेतृत्व मिळाले तर सर्वप्रथम काय कराल, या प्रश्नावर त्यांनी क्रीडासंकुल उभारण्याचे उत्तर दिले आणि त्या तिसऱ्या आल्या. या उत्तरामुळेच मुकुट हुकला, असे आजही मानले जाते. मला स्वतःला ते उत्तर खोटे वाटत नाही. त्या खेळाडू होत्या आणि मनातले बोलल्या. उणीव राहिली ती दुसऱ्या वाक्याची: गरिबीचे इतके प्रश्न समोर असताना मैदान आधी का, हे सांगणाऱ्या वाक्याची. २०१७ च्या मिस वर्ल्ड स्पर्धेत मानुषी छिल्लर यांना सर्वाधिक पगार कोणत्या व्यवसायाला मिळावा, असे विचारले गेले. त्यांनी आईचे नाव घेतले आणि लगेच मोबदला केवळ पैशांत नसतो, प्रेमात आणि आदरातही असतो, अशी जोड दिली. सरावही असाच करावा. रोज एक मराठी व एक इंग्रजी वृत्तपत्र वाचा, संध्याकाळी त्यातील एक विषय निवडा, मोबाइलवर तीस सेकंदांचे उत्तर ध्वनिमुद्रित करा आणि ऐका. पहिल्या वाक्यात थेट उत्तर, दुसऱ्यात कारण, तिसऱ्यात स्वतःच्या आयुष्यातील किंवा कामातील दाखला, आणि तिथेच थांबावे. पाठ केलेले उत्तर आवाजावरून लगेच ओळखू येते, म्हणून मुद्दे पाठ करा, वाक्ये नकोत. इंग्रजी कच्चे असेल तर ते जरूर सुधारा, पण विचार आधी मराठीत पक्का करा. ज्या स्पर्धेत दुभाषाची सोय आहे, तिथे ती घेण्यात कमीपणा नाही.

स्पर्धेत मांडायचा समाजकार्याचा विषय केवळ स्पर्धेपुरता शोधून काढलेला नसावा. मासिक पाळीतील स्वच्छता असो वा गावातील मुलींचे शिक्षण, त्या कामात तुम्ही प्रत्यक्ष हात घातलेला असेल तरच परीक्षकांच्या उलटतपासणीत टिकाव लागतो.

चालण्याचा सराव अनवाणी सुरू करावा, मग जाड टाचेच्या चपला आणि शेवटी स्पर्धेतील उंच टाचा. जमिनीवर चिकटपट्टीची सरळ रेघ लावून चाला, वळण घ्या, वळताना नजर सर्वांत शेवटी वळवा. व्यासपीठ गुळगुळीत असते, म्हणून नव्या सँडलचा तळ सँडपेपरने खरवडून घ्यावा. गाऊनची लांबी टाचा घालूनच मापून घ्या आणि तो घालून जिना चढण्या-उतरण्याचा सराव करा. सोबतच्या पिशवीत सेफ्टी पिना, गाऊनच्या रंगाचा दोरा, सुई, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणि सँडलचा जादा जोड असावा. त्वचेसाठी नवे काहीही शेवटच्या तीन आठवड्यांत वापरू नका. उपाशी राहून वजन उतरवणे तर सर्वस्वी टाळावे; आहार डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञाला विचारून ठरवावा, आणि झोप पुरेशी घ्यावी, कारण थकवा सर्वांत आधी बोलण्यात उतरतो.

मनाच्या तयारीत सर्वांत अवघड बाब म्हणजे तुलना. रंगीत तालमीत शेजारची मुलगी आपल्याहून उंच, सराईत, सुंदर भासणारच. त्या दिवसांत समाजमाध्यमे विश्वासातल्या एका व्यक्तीच्या हाती द्यावीत आणि लोकांनी लिहिलेल्या प्रतिक्रिया वाचू नयेत. खर्चाची मर्यादा, कॉलेजची परीक्षा किंवा नोकरीतील रजा, आणि मुकुट न मिळाल्यास पुढचे सहा महिने काय करायचे, हे सारे अर्ज भरतानाच आई-वडिलांसोबत बसून लिहून काढावे. निकालानंतरच्या आठवड्यात अंतिम फेरीचे चित्रीकरण मिळाल्यास ते एकदा शांतपणे पाहावे, कुठे अडखळलो याच्या नोंदी कराव्यात, आणि पुन्हा स्पर्धेत उतरायचे की नाही हा निर्णय मात्र त्या आठवड्यात घेऊ नये.