पाचशे तासांवरची सही

परळच्या एका औषधांच्या दुकानात मी नोंदणीकृत फार्मासिस्ट म्हणून अकरा वर्षे काम करीत आहे आणि त्यांतली आठ वर्षे डी. फार्म.चे (औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेचे) विद्यार्थी प्रशिक्षणासाठी माझ्या हाताखाली येत आहेत. केईएम, टाटा आणि वाडिया ही रुग्णालये जवळच असल्यामुळे आमच्या काउंटरवर एकाच तासात तान्ह्या बाळाच्या ड्राय सिरपपासून कर्करोगाच्या गोळ्यांपर्यंत सगळ्या चिठ्ठ्या येतात. पहिल्यांदाच विद्यार्थी घेण्याचा विचार करणाऱ्या तरुण फार्मासिस्टांसाठी हे लिहीत आहे.

डी. फार्म.ची दोन वर्षे झाल्यावर विद्यार्थ्याला किमान तीन महिन्यांत 500 तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण पूर्ण करावे लागते आणि त्यांतले किमान 250 तास चिठ्ठीप्रमाणे औषधे देण्याच्या कामात जावे लागतात. त्या तासांखाली सही आपली असते; तिच्या आधारावर तो मुलुंडला महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणीसाठी अर्ज करतो आणि पुढे कुठल्यातरी काउंटरवर एकटा उभा राहतो. दरवर्षी एखादा तरी, "मॅडम, नोकरी लागलीय, यायला जमणार नाही, तेवढी सही द्या," म्हणत येतो. मी सही देत नाही, संध्याकाळची वेळ देते. काही जण ती घेतात, काही पुन्हा दिसत नाहीत. उलट बाजूने दुकानमालकाला विद्यार्थी म्हणजे फुकटचा मदतनीस वाटतो आणि तीन महिने त्याच्याकडून पार्सले फोडून घेतली जातात. पहिले दोन आठवडे हे काम मीही देते, कारण माल लावताना औषधांची नावे, मुदत आधी संपणारी स्ट्रिप पुढे ठेवण्याची शिस्त आणि 2 ते 8 अंशांच्या फ्रिजमध्ये काय राहते हे आपोआप कळते. मात्र तिसऱ्या आठवड्यात त्याला काउंटरवर आणायचे, हे आधीच मालकाशी बोलून ठरवून घ्यावे.

विद्यार्थी घेऊ लागल्याच्या दुसऱ्याच वर्षी एक प्रसंग घडला. सांधेदुखीच्या एका आजींच्या चिठ्ठीत मेथोट्रेक्सेट होते. ही गोळी संधिवातात आठवड्यातून एकदाच घेतात. ती रोज घेतली गेली तर तोंडात व्रण येतात, अस्थिमज्जेचे काम मंदावते आणि जिवावर बेतू शकते. डॉक्टरांनी सोमवारचा उल्लेख बारीक अक्षरांत केला होता. वरखालच्या सगळ्या गोळ्या रोजच्या असल्यामुळे माझ्या विद्यार्थ्याने याही पाकिटावर 'रोज रात्री एक' असे लिहिले, आणि मी त्या वेळी घाऊक विक्रेत्याशी फोनवर बोलत होते. पिशवी हातात घेता घेता आजींनीच विचारले, "अरे, यातली सोमवारची गोळी कुठली?" माझ्या हातातला फोन तसाच राहिला. चूक त्याच्या हातून झाली असली तरी तपासायला उभी असलेली मी होते, आणि तपासणी माझ्याऐवजी त्या आजींनी केली होती.

तेव्हापासून विद्यार्थ्याने चिठ्ठी हातात घेतली की थेट कपाटाकडे जायचे नाही, असा नियम आहे. रुग्णाचे नाव, वय, औषध, त्याची मात्रा, किती वेळा आणि किती दिवस हे सगळे त्याने आधी मला हळू आवाजात वाचून दाखवायचे, शंका असेल तर डॉक्टरांना फोन करायचा, आणि भरलेली पिशवी मी चिठ्ठीशी ताडून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाकडे जाऊ द्यायची नाही. यात वेळ जातो. बारा ते दोन या वेळेत, ओपीडी सुटल्यावर, रांग फुटपाथपर्यंत जाते, तेव्हा हे जमत नाही. म्हणून त्या दोन तासांत विद्यार्थी फक्त माझ्या शेजारी उभा राहतो, आणि स्वतः बोलण्याचा सराव तीन ते पाचच्या शांत वेळेत होतो.

शिकवताना उत्तर सांगण्याचा मोह आवरावा लागतो, आणि मला तो अजूनही पुरता आवरत नाही. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट आणि 100 युनिट अशा दोन तीव्रतांच्या मिळतात. 40 च्या सिरिंजचे टोपण लाल, 100 च्या सिरिंजचे नारिंगी. हे नुसते सांगितले तर आठवड्यात विसरले जाते. त्याऐवजी मी कागद पुढे करते आणि विचारते, 100 ची कुपी घेऊन 40 च्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत, म्हणजे अर्धा मिलिलिटर, भरले, तर पोटात किती युनिट गेले? उत्तर 50 येते. आकडा स्वतः काढलेला मुलगा पुढे टोपणाचा रंग पाहिल्याशिवाय सिरिंज देत नाही.

रुग्णाला "समजले ना?" असे विचारू नये, कारण सगळेच मान डोलावतात. माझ्या एका विद्यार्थिनीने दम्याच्या एका काकांना विचारले, "ही कॅप्सूल कशी घेता, दाखवाल का?" ती इनहेलर यंत्रात घालून आतली पावडर श्वासाने ओढायची असते; काकांनी यंत्र बाजूला ठेवून कॅप्सूल तोंडात टाकली. महिनाभर ते ती पाण्याबरोबर गिळत होते. त्या दिवशी काउंटरवर मी काही शिकवले नाही, तिच्याकडूनच शिकले.

शेड्यूल एच1 ची, म्हणजे ठरावीक अँटिबायोटिक, क्षयरोगाची आणि सवय लावणारी औषधे असलेल्या सरकारी यादीची, नोंदवही पहिल्या आठवड्यापासून विद्यार्थ्याच्या हाती द्यावी. 1 मार्च 2014 पासून ही अनुसूची लागू आहे. तिच्यातल्या औषधांसाठी डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. शेजारच्या चाळीतले ओळखीचे गृहस्थ "गेल्या वेळची तीच अँटिबायोटिक द्या" म्हणून चिठ्ठीशिवाय येतात तेव्हा मुलगा वहीपेक्षा आपल्या तोंडाकडे अधिक पाहत असतो. त्याच्यासमोर एकदा दिलीत, तर नंतर कायदा कितीही समजावून सांगा.

रागावणे रुग्णासमोर कधीही करू नये. "थांब, मी एकदा पाहते," एवढे पुरते, आणि उरलेले बोलणे दुकान बंद करताना दहा मिनिटांत होते. तासांचा हिशेब मात्र मी कडक ठेवते. शेवटच्या दिवशी हजेरीवहीतल्या तासांची बेरीज त्याच्याकडूनच करून घेते, आणि ती 480 भरली तर उरलेल्या 20 तासांसाठी त्याला पुढच्या सोमवारपासून पुन्हा बोलावते.