उन्हात बरळणाऱ्या माणसाला झोपू देऊ नका

मे महिन्यातली रानातली कामं आधी सांगून टाकतो:

- उन्हाळी भुईमूग, तीळ : काढणी, वाळवणी
- नांगरलेल्या रानात वखरपाळी, धसकटं वेचणं
- शेणखत पसरणं
- संत्र्याच्या आळ्यात आच्छादन. पाणी पहाटे किंवा रात्री
- कपाशीची लागवड 1 जूनच्या आत नाही

ही कामं चार दिवस मागं-पुढं झाली तरी चालतील. आत्ता लिहायचं आहे ते माणसाबद्दल.

दोन वर्षांपूर्वी भुईमूग उपटायला आलेला एक चाळिशीचा गडी दुपारी दीडच्या सुमारास एकच वेल पुन्हा पुन्हा झटकत होता. शेंगा केव्हाच गळून गेल्या होत्या. हाक मारली तर भलतंच काहीतरी बोलला. सगळे म्हणाले, "थकलाय, पडू द्या घटकाभर." बाभळीखाली दुपट्टा अंथरून त्याला झोपवलं. अंग घामानं चिंब होतं, म्हणून ऊन लागल्याची शंका कुणालाच आली नाही. साडेतीनला उठवायला गेले तेव्हा तो उठला नाही. विहीर तिथून वीस पावलांवर होती.

घाम येतोय म्हणजे धोका नाही, हा समज डोक्यातून काढा. कष्ट करता करता उष्माघात झालेल्या माणसाला भरपूर घाम असू शकतो. बघायचं ते डोकं ठिकाणावर आहे का. विचारा : तुझं नाव काय, आज वार कोणता, हे रान कुणाचं? नीट उत्तर आलं आणि नुसती चक्कर, मळमळ, डोकेदुखी, पोटरीत गोळे असतील, तर सावली, सैल कपडे आणि घोट घोट पाणी. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर दवाखाना. उत्तर चुकलं, तोल जातोय, चिडचिड करतोय, झटके येताहेत, तर तो उष्माघात धरा. शरीराचं तापमान 40 अंशांवर गेलेलं असतं. थर्मामीटर शोधत बसू नका.

108 ला फोन लावायचा आणि त्याच मिनिटाला पाणी ओतायला लागायचं. गाडीची वाट बघत नुसतं सावलीत ठेवणं म्हणजे तेच झोपू देणं झालं. पहिला अर्धा तास सगळ्यात मोलाचा. कपडे काढा, डोक्यापासून पायापर्यंत सारखं पाणी टाका, दुपट्ट्यानं किंवा सुपानं वारा घाला. बर्फ मिळाला तर काखेत, जांघेत, मानेला. मोटार सुरू केली तर पाइपातलं पहिलं पाणी चटका देणारं येतं, ते वाहू द्या. आणि घाईत फवारणीचा पंप उचलू नका, त्यात कीडनाशक औषधाचा अंश राहिलेला असतो. बेशुद्ध किंवा बरळणाऱ्याच्या तोंडात पाणी घालू नका, कुशीवर वळवा. तापाची गोळी या तापाला लागू पडत नाही, देऊ नका.

फवारणी करणारा कोसळला तर डोळ्यांच्या बाहुल्या बघा. बारीक टिंबासारख्या झाल्या असतील, तोंडातून लाळ गळत असेल, तर विषबाधा समजा. कपडे काढून साबणानं अंग धुवा, पण स्वतःच्या हातांना औषध लागू देऊ नका. बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, यवतमाळनं हे फार महागात भोगलं आहे.

आता विकतच्या पावडरींचं. उन्हाळा लागला की दुकानात 'एनर्जी'ची पावडर, ग्लुकोजचे डबे, गोड पाण्याचे खोके पुढं सरकवले जातात. मजुराच्या एका दिवसाच्या रोजीतला चांगला हिस्सा त्यात जातो. घेऊ नका. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात ओआरएसची पुडी फुकट मिळते. एक पुडी एक लिटर पाण्यात, कमी पाण्यात नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ वाढवू नका. ताक, कैरीचं पन्हं रोजच्या पिण्याला उत्तम. खिशातल्या कांद्याला माझा विरोध नाही, पण त्याच्या भरवशावर दुपारी रानात थांबू नका.

माझा स्वतःचा अंदाज, कुठल्या पुस्तकातला नाही : जो दुपारची भाकर नको म्हणतो, त्याच्यावर नजर ठेवा. आदल्या रात्री दारू घेतलेला, हगवण लागलेला आणि कामावर नवा आलेला, हे तिघं आधी पडतात. नव्या माणसाला पहिला आठवडाभर अर्धंच काम द्या. बाया लघवीला आडोसा नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. चार काठ्या आणि जुनी साडी लावून आडोसा करा, त्या पितील.

पारा 45 ला गेला तरच ऊन लागतं असंही नाही. 16 एप्रिल 2023 ला नवी मुंबईतल्या खारघरच्या मैदानावर पुरस्कार सोहळ्यात ऊन लागून माणसं दगावली, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. दमट हवेत घाम सुकत नाही आणि अंग थंड होत नाही.

शेतीची वीज पाळीनं येते. म्हणून आज रात्री वीज असेल तेव्हा दोनशे लिटरचा ड्रम भरून झाडाखाली ठेवा, वर ओलं पोतं टाका, शेजारी बादली. ते पाणी ऊन लागलेल्या माणसावर ओतायला, दुसऱ्या कशाला वापरू नका.