जागरणाने नैराश्य हटतं? मग या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात घरी लग्नानंतरचं जागरण-गोंधळ होतं. माझा मावसभाऊ, नैराश्याच्या गोळ्या घेणारा, संबळ ऐकत पहाटेपर्यंत बसला. सकाळी स्वतःहून अंघोळ केली, चहा मागून घेतला, चक्क हसला. मावशीने खंडोबाला हात जोडले.

डॉक्टरांना मात्र नवल वाटलं नाही. जर्मनीत फ्लुग आणि ट्योले या मानसोपचारतज्ज्ञांनी 1971 मध्येच यावर लिहिलंय. पूर्ण रात्र जागल्यावर साधारण निम्म्या रुग्णांना दुसऱ्याच दिवशी हलकं वाटतं, जिथे गोळ्यांना काही आठवडे लागतात. गोम पुढे आहे.

दुपारी दोन वाजता सोलापुरात करणार काय? कडक भाकरी, शेंगाचटणी, दही पोटात गेलं, पंख्याखाली चटई टाकली, मावसभावाचा पाऊण तास डोळा लागला. उठला तो पुन्हा तोच जुना चेहरा, भिंतीकडे तोंड करून. झोप झाली की बहुतेकांचं दुखणं परततं, काहींना तर डुलकीही पुरते. म्हणून जिथे हा उपचार नीट करतात तिथे त्याच्या जोडीला लिथियम, म्हणजे मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध, किंवा सकाळचा प्रखर प्रकाश देतात, झोपेच्या वेळाही बदलतात. नुसतं जागरण म्हणजे एका दिवसाची उसनवारी.

आणि हे घरी करून बघायचं नाही. कधीकाळी अति उत्साहाचे झटके आले असतील, म्हणजे बायपोलर असेल, तर जागरणाने उन्माद उसळू शकतो. फिट येत असेल तर फिट येऊ शकते. लाजेपोटी हे डॉक्टरांपासून लपवतात, ती सगळ्यात महागडी चूक. बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद करणं ही दुसरी. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर जागरणाचा नादच नको. 14416 वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, मराठीतही बोलता येतं.

आमच्या गल्लीतला यंत्रमाग कामगार म्हणाला, "मी तर रोजच जागतो, मग मला का नाही गुण?" अहो, रात्रपाळीत झोप दिवसावर ढकलली जाते, शरीराचं घड्याळ बिघडतं. रोजची अर्धवट झोप नैराश्य वाढवते. उपचारातलं जागरण मोजक्या, ठरवलेल्या रात्रींचं असतं, डॉक्टरांच्या नजरेखाली.

डॉक्टरांनी सांगून केलंच, तर दुसऱ्या दिवशी गाडीची किल्ली घरच्यांकडे ठेवा. अक्कलकोट रोडवर ट्रकमागे डुलकी लागायला क्षण पुरतो.