कापसाचा इलेक्ट्रॉनिक काटा घेताना

वेचाईचे पैसे किलोवर द्यायचे, तर काटा चोख हवा. दुकानदार आधी "किती किलोचा देऊ?" विचारतो. त्याआधी काट्यावरची पट्टी वाचा. तिच्यावर मॅक्स (जास्तीत जास्त वजन), मिन (कमीत कमी वजन) आणि 'ई' (पडताळणीसाठी धरलेला वजनाचा सर्वांत लहान टप्पा) असे तीन आकडे असतात. मॅक्स 100 किलो आणि ई 10 ग्रॅम असलेल्या क्लास 3 च्या, म्हणजे मध्यम अचूकतेच्या, काट्याचा मिन 200 ग्रॅम, म्हणजे त्याखालचं वजन त्यावर करूच नये. कापसाच्या गाठोड्याला आणि तुरीच्या चुंगडीला तो चालतो. बियाणं, मसाला मोजायला वेगळा छोटा काटा लागेल. एकाच काट्यावर सगळं भागवण्याचा हट्ट नको.

खरी परीक्षा दुकानातच घ्या. शिक्क्याचं 5 किलोचं वजन मधोमध ठेवा, मग चारही कोपऱ्यांवर. आकडा कोपऱ्यागणिक बदलला तर काटा तिथंच सोडा, कारण कापसाचं गाठोडं कधी नेमकं मधोमध बसत नाही. वजन उचलल्यावर शून्य परत यायला हवं.

प्रवासाच्या बॅगा मोजायचा स्वस्त हुकचा काटा घरी ठीक, व्यवहाराला नाही. व्यवहाराच्या काट्यावर वैधमापन शास्त्र विभागाची मुद्रा लागते आणि ती दर 12 महिन्यांनी नव्याने करून घ्यावी लागते. पक्कं बिल आणि पडताळणीचं प्रमाणपत्र मागून घ्या.

लाइटचा भरवसा नसतो, म्हणून चार्जिंगची बॅटरी हवीच. वावरात काटा फळीवर सपाट मांडा आणि रिकामं फडकं ठेवून 'टेअर' हे फडक्याचं वजन वजा करणारं बटण दाबा. वेचणाऱ्या बाईलाही आकडा दिसेल, असं तोंड ठेवा.