जागतिक बँकेकडे तक्रार कशी करावी

जागतिक बँकेच्या कर्जावर उभ्या राहणाऱ्या प्रकल्पामुळे घर, दुकान किंवा शेत जात असेल, तर बाधितांना बँकेच्या इन्स्पेक्शन पॅनेलकडे, म्हणजे तक्रारींची चौकशी करणाऱ्या मंडळाकडे, दाद मागता येते. हे पॅनेल 1993 मध्ये स्थापन झाले आणि सरदार सरोवराच्या विस्थापितांचा लढा हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

सर्वप्रथम पैसा नेमका कोणाचा आहे, याची खात्री करावी. सरकारला दिलेल्या कर्जाबाबतच पॅनेल चौकशी करते. खासगी कंपन्यांना कर्ज देणाऱ्या, जागतिक बँक समूहातल्याच आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाविरुद्धची तक्रार वेगळ्या यंत्रणेकडे जाते. निविदेतील भ्रष्टाचाराचे आरोपही इथे चालत नाहीत.

तक्रारदार किमान दोन असावेत आणि ते प्रकल्पक्षेत्रातले असावेत. त्यांच्या वतीने संस्था अर्ज करणार असेल, तर त्यांचे लेखी अधिकारपत्र जोडावे. तक्रार मराठीतही चालते, शुल्क लागत नाही आणि नावे गुप्त ठेवण्याची विनंती करता येते. कर्ज बंद झाल्यावर तक्रारीला मुदतीची मर्यादा येत असल्याने काम चालू असतानाच हालचाल करावी. मात्र आधी बँकेच्या अधिकाऱ्यांना कळवलेले असणे आवश्यक आहे. ती पत्रे, त्यांची पोच आणि आलेली उत्तरे तारखेनिशी जपून ठेवावीत, कारण नेमकी इथेच अनेक अर्जांची बाजू लंगडी पडते.

मजकुरात केवळ अन्याय मांडून भागत नाही. बँकेने स्वतःचे कोणते धोरण पाळले नाही आणि त्यामुळे काय नुकसान झाले, हा दुवा दाखवावा लागतो. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पातील दुकानदारांनी 2004 मध्ये हेच केले. दुकान कितीही मोठे असले, तरी पुनर्वसनात 225 चौरस फुटांपर्यंतच जागा मोफत मिळत होती. दुकान दुसरीकडे गेल्याने गिऱ्हाईक तुटले की उत्पन्न बुडते, हा त्यांचा मुद्दा पुनर्वसनाच्या धोरणाशी सरळ भिडणारा होता. पॅनेलचा अहवाल 2005 च्या अखेरीस आला आणि मार्च 2006 मध्ये बँकेने प्रकल्पाच्या रस्ते व पुनर्वसन या भागांचा निधी काही महिन्यांसाठी थांबवला.

पॅनेल स्वतः भरपाई देत नाही किंवा काम थांबवण्याचा आदेश काढत नाही. ते अहवाल बँकेच्या संचालक मंडळापुढे ठेवते, म्हणून अर्जाच्या शेवटी मागणी ‘न्याय मिळावा’ अशी मोघम न लिहिता किती जागा, कुठे आणि केव्हापर्यंत, हे स्पष्ट नमूद करावे.