या चुका टाळा : 'आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो' म्हणणाऱ्या वॉर्डांसाठी

31 वर्षं वॉर्डात काढली, आता रुग्णसेवेच्या कोर्सला येणाऱ्या मुलामुलींना शिकवते. समानता, विविधता आणि रुग्णांचे हक्क हा धडा आला की पहिल्या बाकावरून मागणी येते, "मॅडम, कायद्यांची नावं आणि सालं तेवढी सांगा, पाठ करून टाकतो." मी सांगते. परीक्षेत ती बरोबर येतातही. पण ड्यूटीवर लागल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याच जुन्या चुका सुरू होतात. त्या पाहून पाहून थकले, म्हणून लिहायला बसले.

सगळ्यांना एकच पद्धत लावणं

सगळ्यात जास्त अभिमानानं केली जाणारी चूक हीच. एका रुग्णालयात गरोदर बायकांच्या ओपीडीला माझी ड्यूटी होती. केसपेपरचा गठ्ठा आत यायचा आणि दारात उभे राहून मामा, म्हणजे वॉर्डबॉय, नावं पुकारायचे. एक बाई सकाळी 9 वाजल्यापासून बाकावर बसलेली, सातवा महिना. तिचं नाव तीनदा पुकारलं, ती उठली नाही, रिवाजाप्रमाणे तिचा पेपर गठ्ठ्याच्या तळाशी गेला. दीड वाजता ओपीडी आवरताना बघते तर बाकावर ती एकटीच. जवळ जाऊन विचारलं तेव्हा तिनं कानाला हात लावून मान हलवली. बीपी घेतलं, 160/110. पायावर बोट दाबलं तर खड्डा पडत होता. लगेच भरती करून घेतलं. साडेचार तास ती आमच्यापासून दहा पावलांवर बसून होती.

मामांना मी बोलले. त्यांना वाईट वाटलं. म्हणाले, "सिस्टर, मी सगळ्यांना सारखंच पुकारतो. ओळखीच्यालासुद्धा आधी सोडत नाही." ते खरंच तसे होते, त्यांच्याइतका सरळ माणूस त्या रुग्णालयात दुसरा नव्हता. पण पुकारायची पद्धतच ऐकू येणाऱ्यांसाठी होती आणि आमच्यापैकी एकालाही ते कधी खटकलं नव्हतं. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. अपंगत्वामुळे जी सोय करून द्यायला हवी ती नाकारणं हाच भेदभाव, मनात आकस असो वा नसो. त्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि त्यातले बरेचसे बघून कळत नाहीत.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. पहिल्या भेटीतच केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात त्या माणसाशी कसं बोलायचं ते लिहून ठेवते. 'ऐकू येत नाही, समोर जाऊन बोलवा.' 'दिसत नाही, हात धरण्याआधी सांगा.' 'पावरी बोलते, मराठी थोडी कळते.' कोपऱ्यात रोगाचं नाव लिहायचं नाही, फक्त बोलायची रीत. आणि ऐकू न येणाऱ्या माणसापुढे कागद सरकवला की काम झालं असं समजू नका. खुणांच्या भाषेचं व्याकरण वेगळं असतं, आपली लेखी मराठी प्रत्येकाला येईलच असं नाही.

भाषेचंही तसंच. धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी आणि भिली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया आणि गोंडी. तिथल्या बाईला शहरी मराठीत भरभर सांगून शेवटी "समजलं ना?" विचारलं की ती "हो"च म्हणणार. सुटका करून घ्यायला दुसरं काय म्हणेल? यावर नवी मुलं जो सोपा मार्ग काढतात त्याची मला मनापासून चीड आहे. बाईबरोबर आलेल्या दहा वर्षांच्या मुलालाच दुभाषा करतात, आणि त्याच्या तोंडून आईला पाळीबद्दल, अंगावरून जाण्याबद्दल विचारतात. असं कधीही करू नका. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात वॉर्डातल्या मावशी, मामा, सफाई कामगार यांच्यापैकी कोणाला कोणती बोली येते हे विचारून वहीत लिहून ठेवा. माझ्याकडे अशी वही शेवटच्या दिवसापर्यंत होती.

पेशंट शुद्धीवर असताना नातेवाइकाची सही घेणं

याबद्दल कितीही लिहिलं तरी माझं समाधान होणार नाही.

साखरेनं पाय काळा पडलेल्या एक आजी आमच्या वॉर्डात होत्या, सत्तरीच्या. पूर्ण शुद्धीवर होत्या, सकाळी उठून वेणी घालायच्या, शेजारच्या खाटेवरच्या मुलीला डबा संपवायला लावायच्या. पाय गुडघ्याखाली काढायचं ठरलं. डॉक्टर मुलाशी बोलले, मुलगा सुनेशी बोलला, सुनेनं मला सांगितलं, "आईंना काही कळू देऊ नका, घाबरतील." फॉर्मवर मुलाची सही झाली. आजींना सांगितलं, जखम साफ करायला नेतोय. दुसऱ्या दिवशी भूल पूर्ण उतरल्यावर त्यांनी पाय खाजवायला हात खाली नेला. मी खाटेजवळच होते. त्या ओरडल्या नाहीत. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "पोरी, तुला माहीत होतं ना?"

मला माहीत होतं. डिस्चार्जपर्यंत आजी माझ्याशी बोलल्या नाहीत, माझ्या हातून इंजेक्शनही घेतलं नाही. ऑपरेशन गरजेचं होतं, आणि विचारलं असतं तर बहुधा त्यांनीही होच म्हटलं असतं. पण विचारलंच नाही. त्या दोषातला माझा वाटा मी आजही मानते.

कायद्यानं सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या माणसाची संमती त्याची स्वतःची असते, मुलाची, नवऱ्याची किंवा आईची नाही. समीरा कोहली खटल्याचा 2008 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मी प्रत्येक बॅचला सांगते. 44 वर्षांच्या अविवाहित बाईंना दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल दिली होती. त्या बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजाशय काढले गेले. न्यायालयानं सांगितलं की तपासणीला दिलेली संमती म्हणजे उपचाराला दिलेली संमती नव्हे, आणि जिवाला तातडीचा धोका नसताना आईची सही चालत नाही. डॉक्टरांना शस्त्रक्रियेची फी नाकारली आणि 25,000 रुपये भरपाई द्यायला लावली. रक्कम लहान वाटेल, पण संमती म्हणजे काय हे त्या निकालानं नीट मांडून दिलं.

माझी रीत सांगते. स्टूल ओढून खाटेशेजारी बसायचं, उभ्यानं बोलायचं नाही. नातेवाइकांना चहा प्यायला पाठवायचं, प्रेमानं पण ठामपणे. काय करणार आहेत, का, नाही केलं तर काय होईल आणि दुसरा उपाय आहे का, हे डॉक्टरांनी पेशंटलाच सांगितलंय ना याची खात्री करायची. मग म्हणायचं, "आजी, उद्या काय करणार आहेत ते तुमच्या शब्दांत मला सांगा बरं." त्यांना सांगता आलं नाही तर डॉक्टरांना परत बोलवायचं. मी बोलावलंय, कित्येकदा, आणि बोलणीही खाल्ली आहेत. अंगठा घ्यायचा असेल तर मजकूर वाचून दाखवल्याशिवाय शाईची पेटी उघडायची नाही.

भरती करतानाच कोऱ्या फॉर्मच्या गठ्ठ्यावर सह्या घेऊन ठेवण्याची पद्धत कोणी शिकवली तर शिकू नका. वेळ वाचतो म्हणतात. तो वेळ पेशंटच्या वाट्यातून कापलेला असतो.

गर्भपाताच्या वेळी नवऱ्याची सही मागणं हाही याच चुकीचा भाग. 1971 च्या कायद्यानुसार 18 वर्षांवरच्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते. पन्नास वर्षं उलटून गेली तरी काउंटरवरून "मिस्टरांना घेऊन या" ऐकू येतंच.

केसपेपरवर लाल शाई

एचआयव्ही असलेल्या पेशंटच्या केसपेपरवर लाल गोल, खाटेला वेगळी पाटी, हँडओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती, देताना मोठ्यानं "बारा नंबर जरा जपून." 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्या माणसाच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल इतरांना सांगता येत नाही. मुली विचारतात, "मग आम्ही स्वतःला जपायचं कसं?" हातमोजे प्रत्येक रक्ताला, प्रत्येक वेळी. ज्याची चाचणीच झालेली नाही त्याच्या रक्ताबद्दल तुम्हाला काय माहीत आहे? हातमोजे पुरवणं ही त्याच कायद्यानं संस्थेवर टाकलेली जबाबदारी आहे. ते संपले असतील तर भांडून मागा, खाटेला पाटी लावू नका.

थोडक्यात सांगण्यासारख्या

आडनाव ऐकल्यावर "म्हणजे तुम्ही नेमके कोण?" हा पुढचा प्रश्न गिळून टाका. त्याच्या उत्तरानं सलाईनचा वेग बदलत नाही.

तृतीयपंथी पेशंट आला की कुठल्या वॉर्डात ठेवायचं यावर त्याच्या डोक्यावरून चर्चा सुरू होते आणि कोणीतरी तोंड फिरवून हसतं. नाव काय लावायचं, कुठल्या वॉर्डात बरं वाटेल, हे त्यालाच किंवा तिलाच विचारा. 2019 च्या कायद्यानं आरोग्यसेवेतला भेदभाव बंद केला आहे, हसणं तुम्हीच बंद करायचं आहे.

धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. त्या खाटेवरच्या माणसाला "फ्रीवाला पेशंट" म्हणू नका. तो त्याच्या हक्काच्या खाटेवर आहे.

रमजानचे रोजे किंवा एकादशीचा उपास आधी विचारून घ्या, इन्सुलिनच्या वेळा डॉक्टरांकडून नीट लावून घ्या. न विचारता रागावणाऱ्या सिस्टरपुढे पेशंट उपास लपवतो आणि साखर उतरून पडतो.

मनोरुग्णाला त्याच्याबद्दलच काही विचारायचं नाही हा समज सोडा. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आजाराच्या नावावरून कोणाला निर्णय घ्यायला नालायक ठरवू देत नाही.

रात्री आठला डायपर

ही चूक वृद्धाश्रमात आणि घरी देखभाल करताना होते. आजोबा चालत संडासला जाऊ शकतात, फक्त हात धरायला माणूस लागतं. रात्री दोनदा उठायला नको म्हणून त्यांना आठ वाजताच डायपर चढवतात. पहिल्या रात्री ते विरोध करतात, चौथ्या रात्री गप्प बसतात. महिन्याभरात चालणं मंदावतं, कातडी लाल होते, आणि मग सगळे म्हणतात, "आता त्यांना कळतच नाही." कळत होतं, आपण थकवलं. झोपण्याआधी एकदा, अकराला एकदा आणि पहाटे एकदा उठवून न्या. खाटेजवळ दिवा आणि हाताशी घंटी ठेवा. दमणूक होते, मलाही व्हायची. रात्रीला आणखी एक माणूस मागा, मिळेपर्यंत मागत राहा.

इथेच एक गोष्ट घरच्यांसाठीही. रात्रभर तुमच्या आईला कूस बदलून देणाऱ्या मावशींसाठी कपबशी वेगळी, बसायला फक्त पायरी, आणि कामावर ठेवताना एजन्सीकडे जातीची चौकशी. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली हे रडत सांगतात. ज्या हातानं भरवलेलं आईला चालतं त्या हाताला घरातला कप द्यायला काय अडचण आहे?

चूक झाल्यावर ती झाकणं

नवी मुलं इथे सगळ्यात जास्त घाबरतात. पेशंटला खोलीत पडदा न लावता तपासलं, चाचणीचा निकाल चुकून शेजारच्या खाटेवरच्यासमोर बोलून गेलो, असं झालं की विषय बदलतात. मी काय करायचे ते सांगते. त्याच दिवशी खाटेजवळ बसायचं, पेशंटला नावानं हाक मारायची आणि झालं ते सरळ सांगून माफी मागायची. तक्रार करायची असेल तर कुठे करायची तेही आपणच सांगायचं. महाराष्ट्रात जानेवारी 2021 पासून खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावणं नियमानं बंधनकारक आहे. तुमच्याकडे ते फळीमागे किंवा कॅलेंडरखाली असेल तर काढून पुढे लावा. पेशंटनं कागदपत्रं मागितली तर 72 तासांत द्यावी लागतात, "साहेब आले की बघू" हे उत्तर चालत नाही. आणि झालेल्या चुकीची नोंद त्याच ड्यूटीत, हँडओव्हरच्या आधी, आपल्या हातानं करायची.