विंडोजवर बॅश वापरताना एक्स्टेन्शन सांभाळा

जत्रा, कालो, शिगमो आटोपला की गोव्यातल्या नाट्यमंडळांच्या, देवस्थानांच्या संगणकावर फोटोंचा ढीग साचतो. गिट बॅशसारख्या, टाइप केलेल्या कमांडवर चालणाऱ्या युनिक्स पद्धतीच्या साधनानं तो भराभर आवरता येतो. मात्र फाइलीचं एक्स्टेन्शन, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबापुढचा भाग, विंडोज एका नजरेनं पाहतं आणि बॅश दुसऱ्या. फाइल कशात उघडायची, चालवायची की नाही, हे विंडोज त्यावरून ठरवतं. युनिक्सच्या लेखी तो नावाचाच एक भाग. (कमांड इथं उच्चारानुसार दिल्या आहेत, टाइप करताना रोमन लहान अक्षरं वापरा.)

आधी एक्स्टेन्शन दिसू द्या. विंडोज ११च्या फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ निवडा. नोटपॅडमध्ये लिहिलेल्या स्क्रिप्टला मागून ‘.टीएक्सटी’ चिकटू शकतं आणि ते दिसलंच नाही तर चूक सापडत नाही. सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडलं की ही कटकट मिटते.

आता फोटो. कॅमेरा बहुधा कॅपिटल अक्षरांत जेपीजी हे एक्स्टेन्शन लावतो, मोबाइल लहान अक्षरांत. बॅशमध्ये फाइलींची यादी दाखवणारं ‘एलएस *.जेपीजी’ लहान अक्षरांत दिलं, तर कॅमेऱ्याचे फोटो यादीत येतच नाहीत. पण त्यातल्याच एका फोटोचं पूर्ण नाव लहान अक्षरांत द्या, तो लगेच सापडतो! कारण पूर्ण नाव विंडोज शोधतं आणि ते लहान-मोठं पाहत नाही. तारांकन (*, म्हणजे ‘काहीही’) बॅश स्वतः सोडवतं आणि ते काटेकोर पाहतं. अशी अर्धीच यादी पेनड्राइव्हवर कॉपी करून मूळ फोल्डर पुसला, तर शिगम्यातल्या रोमटामेळाच्या मिरवणुकीचे कॅमेऱ्यातले सगळे फोटो गेले. म्हणून आधी ‘एसएचओपीटी -एस नोकेसग्लॉब’ द्या (नो, केस, ग्लॉब सलग), मगच कॉपी करा.

‘*.*’चंही असंच. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या कमांडच्या खिडकीत, त्यात सगळ्या फाइली येतात, बॅशमध्ये नावात टिंब असलेल्याच. तिथं नुसता ‘*’ द्या.

एक्स्टेन्शन बदलताना सर्वांत जास्त जपा. जेपीईजीचं जेपीजी करायला बॅशमध्ये नाव बदलणारी एमव्ही कमांड ‘एमव्ही *.जेपीईजी *.जेपीजी’ अशी कधीच देऊ नका. बॅश दोन्ही तारांकनांच्या जागी आधी खरी नावं घालतं. फोल्डरात एक जेपीईजी आणि एक जेपीजी असेल, तर पहिला फोटो दुसऱ्यावर चढतो आणि दुसरा न विचारता नाहीसा होतो. या कामापुरतं कमांड प्रॉम्प्टमध्ये जा आणि ‘रेन *.जेपीईजी *.जेपीजी’ द्या. त्याच नावाची फाइल आधीच असेल तर रेन अडतं, तिच्यावर लिहीत नाही.

राहिलं ईएक्सई, म्हणजे विंडोजच्या प्रोग्रामचं एक्स्टेन्शन. विंडोज १०मध्ये २०१८पासून खरा कर्ल (इंटरनेटवरून फाइल आणणारा प्रोग्राम) आहे, पण सोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ या कमांडच्या दुसऱ्या खिडकीत नुसतं ‘कर्ल’ म्हटलं तर ‘इन्व्होक-वेबरिक्वेस्ट’ ही वेगळीच कमांड चालते. तिथं ‘कर्ल.ईएक्सई’ असंच पूर्ण लिहा. विंडोजमध्येच लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलमधून नोटपॅड उघडायलाही ‘नोटपॅड.ईएक्सई’ लागतं. विंडोजवर युनिक्सची साधनं देणाऱ्या सिग्विनमध्ये मात्र ईएक्सई गाळलं तरी चालतं. पण तिथं एकाच फोल्डरात एकाच नावाची बिनएक्स्टेन्शनची स्क्रिप्ट आणि ईएक्सई असेल, तर स्क्रिप्टच चालते. तेव्हा स्क्रिप्टला प्रोग्रामचं नाव देऊ नका.